दहा वाजताची गोळी

अंगठा उचलला तरी आजीच्या सुजलेल्या नडगीवरचा खळगा तसाच राहिला. डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी बसथांब्यावरच्या बाकासमोर उकिडवा बसला होता. आजीचं घर म्हणजे तो बाक आणि त्याखालचं गाठोडं.

“लघवीची गोळी रोज घेताय ना?”

“घेते की.”

त्यानं पाकीट मागितलं. सातच्या सात गोळ्या जागेवर होत्या.

“आजी, पायातलं हे पाणी छातीत चढेल. पुढच्या सोमवारी सूज अशीच दिसली, तर आमच्या डॉक्टर मॅडम तुम्हाला भरती करणार.”

“भरती नको रे. मागच्या खेपेला परत आले, तर बाकावर दुसरंच बिऱ्हाड!”

“मग गोळी का नाही घेत?” त्याचा आवाज चढला.

“सकाळी उठल्या उठल्या घ्या म्हणालास. घेतली की सारखं उठावं लागतं. समोरचा संडास उघडतो दहाला. तोवर काय तुझ्या मांडीवर बसू?”

गोळीचे सगळे परिणाम त्याला तोंडपाठ होते. पुस्तकात संडासाची वेळ नव्हती.

तो रस्ता ओलांडून गेला. संडासाची राखण करणारी बाई बादली विसळत होती. त्यानं चाचरत सगळं सांगितलं.

“डॉक्टर का तुम्ही?”

“अजून नाही.”

“तरीच विचारायला आलात. दहाला घे म्हणावं म्हातारीला. दोनपर्यंत मी असते, कोणी अडवणार नाही.”

पुढच्या सोमवारी तो आला, तेव्हा बाक रिकामा होता. खाली नुसतं गाठोडं. मॅडमना हाक मारायला तो वळला.

“अरे, बघतोस काय? गाठोड्यावर लक्ष ठेव!”

संडासाच्या दारातून आजी हात हलवत होती. रस्ता तिनं न थांबता ओलांडला. बाकावर टेकून तिनं आपणहून पाय पुढे केला. त्यानं अंगठा दाबला, उचलला. खळगा पुसट उमटला आणि पाहता पाहता भरून आला.

कागदावर त्यानं लिहिलं : ‘गोळी सकाळी दहाला, संडास उघडल्यावर.’ मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली, सही केली आणि त्या दवाखान्याच्या गाडीकडे गेल्या.

आजी पुन्हा उठली. “आलेच हं. तुझीच गोळी.”

तो तिच्या जागेवर बसला. गाठोडं त्यानं मांडीवर घेतलं. गाडीचा हॉर्न वाजला.

“आलोच, मॅडम,” तो म्हणाला, आणि बसून राहिला.