आखाडातला बैल

पाली गावात अंबूबाईच्या ओसरीवर बसून सरकारी नर्सबाईंनी बोटं मोजली आणि नव्या सुनेचं बाळंतपण पाडव्याच्या आसपास येईल, असं सांगितलं. अंबूबाईनं महिने उलटे मोजले नि तिचा पाराच चढला.

"म्हंजी आखाडातलं? आखाडात नव्या नवराबायकोनं भेटू न्हाई म्हणून म्या हिला म्हायेरी भोंगवलीला धाडलीवती!"

सुनेनं पदरात तोंड लपवलं. सोपान भुईकडं बघत पुटपुटला, "आये, म्या तिकडं बैल बघाय गेलतो न्हवं का..."

अंबूबाई लेकावर धावणार, तोच कोपऱ्यात तंबाखू मळणारा तिचा नवरा, रखमाजी, गालात हसला.


"आगं, सोपान बी पाडव्याचाच की! म्या तरी त्या आखाडात तुज्या म्हायेरी बैलच बघाय आल्तो न्हवं?"