बोंबलांची पिशवी

लग्नाला महिना झाला, तरी जयदेवला काशीशी एक शब्द बोलता आला नव्हता. घरी पाहुणे, तिच्या माहेरी मेव्हण्या. आता तो तिला माहेराहून उरणला घेऊन चालला होता आणि सगळी भिस्त परतीच्या लाँचवर होती.

कचेरीतले दामले दोनदा बोटीने आफ्रिकेला जाऊन आलेले. त्यांनी युक्ती सांगितली, "शेजारी सुक्या बोंबलांची पिशवी उघडी ठेवा. माणूस जवळ फिरकणार नाही."

जयदेवने भाऊच्या धक्क्यावर बोंबील घेतले आणि पिशवी बाकावर उघडून ठेवली.

दामल्यांच्या बोटीत कोळणी नव्हत्या, हे त्याच्या लक्षात लाँच सुटल्यावर आलं. मासळी विकून परतणाऱ्या साऱ्याजणी रिकाम्या टोपल्या घेऊन पिशवीभोवती जमल्या. एकीने बोंबील मोडून पाहिला, दुसरीने हुंगला, तिसरी तर नवराबायकोच्या मधेच ऐसपैस बसली.

तिच्या आडून काशीनेही पिशवीत हात घातला. एक बोंबील दाबून पाहिला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याशी बोलली.


"अवो, गेल्या सालचे हायेत हे! घेताना तोंड उघडून मला इचारायचं तरी!"