जिन्याखालची खोली

"पर ये कमरा है कहाँ?" अभिनव सरांनी चेतनाचा कागद उजेडाकडे धरून विचारलं.

वर्गात खसखस पिकली. बाकीच्यांनी कँटीन घेतलं होतं, कुणी लायब्ररी, कुणी पार्किंग. तिसऱ्या सेमिस्टरचं स्टुडिओचं काम तसं साधं होतं. कॉलेजातली एक जागा निवडायची आणि तिच्यापर्यंत अशा पाट्या लावायच्या, की अनोळखी माणूस कुणाला न विचारता पोचला पाहिजे. चेतनानं निवडली होती बाळाला दूध पाजायची खोली.

"सीढ़ी के नीचे, सर. मैं रोज़ जाती हूँ."

"वो तो स्टोर है."

स्टोरच होतं ते. मोडकी इझल्स, रंगाचे वाळलेले डबे, जुन्या बॅनरांच्या गुंडाळ्या. मधल्या सुट्टीत तिच्या सासूबाई, भीमाबाई, लहानग्या यशला घेऊन तेलीबांध्याहून ई-रिक्षानं यायच्या. चेतना डब्यांच्या आड बसून त्याला पदराखाली घ्यायची आणि भीमाबाई बाहेरून दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या. कुणी जवळ आलं की त्यानं विचारायच्या आधीच सांगून टाकायच्या, "आत कोणी नाही." एकदा तर प्राचार्यांनाच सांगितलं.

"मी काय इथली चौकीदार आहे का वं? पगार तरी लावून दे मले," त्या कुरकुरायच्या. पण एक दिवस चुकवला नाही.

सरांनी कागद परत दिला. माणूस वाईट नव्हता; मनात येईल ते तोंडावर बोलायचा, एवढंच. "तुम्हारे सिवा वहाँ कौन जाएगा, चेतना? एक अकेले के लिए साइनेज नहीं बनता. कैंटीन ले लो, पास हो जाओगी."

"नहीं सर. यही करूँगी."

"ज्यूरी के दिन कोई नहीं पहुँचा तो फेल करूँगा. सोच लो."

तिनं विचार केला होता. अर्ज घेऊन ती प्राचार्यांकडे गेली. खोली मिळाली, पण ज्यूरीच्या, म्हणजे बाहेरचे परीक्षक काम तपासायला येतात त्या दिवसापुरतीच. कुणी वापरली तर पुढचं बघू, नाहीतर दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा आत. मग तिनं आणि वर्गातल्या पायलनं मिळून खोली झाडली, पुसली. एक खुर्ची ठेवली, पंडरीच्या बाजारातून आणलेल्या कापडाचा पडदा लावला, दाराला आतून कडी बसवली.

घोडं अडलं ते चिन्हापाशी. तिनं आधी दुधाची बाटली काढली. पायल म्हणाली, "दीदी, यहाँ दवाई मिलती है क्या?" मग बाळाला छातीशी धरलेली आई काढली. ते बघून मुली माना खाली घालून भराभरा पुढे गेल्या. जी खूण बघून बाईच लाजते, ती तिला घेऊन कुठं जाणार? यश झोपला की ती कागद घेऊन बसायची, तो कुशीवर वळला की पेन्सिल ठेवून त्याला थोपटायची, आणि थोपटता थोपटता चित्र मनातच पुढं काढत राहायची.

एका दुपारी घराच्या ओट्यावर शेजारीण बाळाला घेऊन बसली होती. रस्त्याकडे पाठ करून. चेतना तिच्याकडे बघतच राहिली. दूध पाजणारी बाई जगाला आपली पाठच तर दाखवते! तिनं तेवढंच काढलं. एक वाकलेली पाठ, तिच्यावरून उतरलेला पदर, आणि पदराच्या कडेनं बाहेर आलेली दोन इवली पावलं.

भीमाबाईंनी कागद लांब धरून पाहिला. "दूध पिऊन राहिला," त्या म्हणाल्या. "अन् काहून एवढे दिवस लावले याले?"

ज्यूरीच्या दिवशी फाटकापासून जिन्यापर्यंत निळ्या पाट्या लागल्या. कॉलेजात तशीही गर्दी होती. कुठल्याशा नोकरभरतीची कागदपत्रं तपासून घ्यायला गावोगावची माणसं रांगेत उभी होती. चेतना जाता-येता डोकावत होती. खुर्ची रिकामी. दुपार झाली तरी रिकामीच. कँटीनच्या पाट्यांचं मात्र कौतुक झालं. तिथं निम्मे लोक समोशाच्या वासानंच पोचले होते, पण ते कोण बोलणार?

तिची पाळी आली. नियम असा की काम करणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, जे काय बोलायचं ते पाट्यांनी. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम एकेका बाणामागून चालत निघाल्या. त्यांच्या मागे सर, त्यांच्या मागे वर्ग. यशला कडेवर घेतलेल्या भीमाबाई चेतनाला खेटून चालत होत्या. मॅडम कुठंही अडखळल्या नाहीत. जिन्याखाली पोचल्या, दारावरची पाठमोरी आई बघून क्षणभर थांबल्या आणि त्यांनी दार ढकललं.

दार उघडेना.

सरांनी जोर लावून पाहिलं. "बंद है. चाबी किसके पास है?"

चेतनानं मान उंचावून कडीकोयंडा पाहिला. शिपायानं कुलूप तर घातलं नाही? पण बाहेर कुलूप नव्हतंच. ती बोलायला गेली आणि नियम आठवून तिनं ओठ मिटले. सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे तिला दिसलं. तरीही त्यांनी शेरा लिहायला खिशातून पेन काढला, आणि जाता जाता दारावर एकदा टकटक केली.

आतून एक अनोळखी बाई गावाकडच्या बोलीत वैतागून ओरडली, "थोरकिन रुकव ना भैया! लइका दूध पियत हे!"