कोणाला समजलं नाही?

मागच्या बाकावर बसून सरनाईकबाई नव्या शिक्षिकेचा गणिताचा तास बघत होत्या. नव्यांना वळण लावायचं काम हेडमास्तर त्यांच्यावरच टाकत. एकतीस वर्षं त्यांच्या वर्गात पंख्याचासुद्धा आवाज ऐकू यायचा. बाईंनी "समजलं का?" म्हणायचा अवकाश, की चाळीस पोरं एका सुरात "हो बाई" म्हणायची.

ही मुग्धा मात्र तिसरीला भागाकार शिकवून भलतंच विचारून बसली, "कोणाला समजलं नाही?" अकरा हात वर झाले.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला झापलं, "अगं, आपल्या हातानं आपली अब्रू चव्हाट्यावर मांडतात का?"

"पण बाई, मला कळायचं कसं मग?" पोरगी खालमानेनं म्हणाली.

बाई फणकाऱ्यानं आपल्या चौथीत गेल्या आणि गणित शिकवून मुद्दाम तेच विचारलं. एकही हात हलला नाही. वह्या मागवल्या, तर निम्म्यांची उत्तरं चुकलेली.

त्या तिसरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मुग्धा, माझ्या वर्गाला जरा तू विचारून ये. तोवर तुझी पोरं मी बघते. मी समोर नसले की सांगतील."