अंगणातली पाटी

अठ्ठावीस वर्षं मर्ल आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा मुख्य कोच आहे आणि अठ्ठावीस वर्षं मी जळते आहे. एक सवत असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या; इथे नव्वद धटिंगण पोरं! प्रत्येकाच्या आईचं नाव त्याला पाठ, आमच्या लग्नाचा वाढदिवस मात्र मॅचच्या धामधुमीत दर वर्षी विसरतो. शेजारच्या लॉरेटाचा नवरा रिटायर झाला, तर बया आता समुद्रकाठून रोज फोटो पाठवते.

नेब्रास्कातल्या आमच्या गावात संघ हरत राहिला की लोक कोचच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी ठोकून जातात. म्हणजे, गाशा गुंडाळ आणि चालू पड. आमच्या अंगणात ती कधीच लागली नव्हती, याचा मर्लला केवढा तोरा!

शनिवारी संघ सलग चौथी मॅच हरला. रविवारी चर्चला निघताना त्याला अंगणात पाटी दिसली आणि तो पायरीवरच बसला.

"व्हर्ना, या गावात माझ्यावर इतका डूख कोण धरून बसलंय गं?"

"जाऊ दे रे. पुरे झाली आता ही नोकरी. आपणही समुद्राकाठी राहायला जाऊ."

"नोकरी सोडू? आता तर अजून पाच वर्षं हलत नाही! बघतोच कोण आहे तो!"



मी फक्त हातमोजे चढवले. नखांतली माती अजून निघाली नव्हती.