बरोबर चाळीस

काल कोंडबा वारले आणि आज सकाळी सरपंच अनसूयाबाईंनी फलाटावरच जाहीर केलं, "आजपासून कोणालेच सुट्टी नाही. आता आपण बरोबर चाळीस उरलो."

विनाचालक गाडी प्रत्येक स्टेशनावर चढणाऱ्यांचे चेहरे मोजायची. एखाद्या दिवशी चाळीस चेहरे भरले नाहीत, की दुसऱ्या दिवसापासून ती तिथे थांबायचीच नाही. या मार्गावरची अकरा गावं तिने अशीच वगळली होती. म्हणून अख्खं गाव रोज पुढच्या स्टेशनापर्यंत जायचं, चहा प्यायचं आणि परत यायचं. कोंडबा होते तोवर आळीपाळीने एकाला तरी घरी राहता येई.

शरयू भोयर आज बॅग घेऊन आली होती. तिला नागपूरला नोकरी लागली होती, राहायची सोयही झाली होती. हे फक्त तिच्या बाबांना माहीत होतं. ते आठवड्यातून तीनदा याच गाडीने वर्ध्याला डायलिसिसला जात.

पुढचं स्टेशन आलं. अडतीस माणसं उतरली. बाबा हळूच म्हणाले, "उतरू नको, बाई. माह्यं मी पाहून घेईन."

"उद्या एक चेहरा कमी भरला आणि परवापासून गाडीच थांबली नाही तर काय पाहाल, बाबा?"



दार मिटेना. अनसूयाबाई दारात एक पाय ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे सगळं गाव. कोणीच रागावलेलं नव्हतं.

अनसूयाबाईंनी आत वाकून बॅग उचलली. मायेने म्हणाल्या, "चाल पोरी, चहा थंडा होऊन राहिला."