उत्तरेचा हेर

सासऱ्यांना रोज संध्याकाळी गच्चीवरून उपग्रह बघायचा नाद आहे. एखादा दिसला की ते टॉर्च लावतात आणि तो शुक्रापेक्षा किती उजळ, किती मंद, ते वहीत लिहितात.

महिन्यापूर्वी त्यांना उत्तरेला, छपरांच्या जरा वर, कुठल्याच यादीत नसलेला एक सापडला. "हेर आहे लबाड. मी लिहून टॉर्च बंद केला, की लगेच लुकलुकतो," म्हणाले आणि सासूबाईंना गच्चीवर कपडे वाळत घालायला बंदी केली.

काल हा शोध सांगायला त्यांनी उत्तरेच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. तेही याच नादातले.

डॉक्टर वही काखेत मारूनच आले.



"तुमचं राहू दे, आधी माझं ऐका. आमच्या हिचं गच्चीवर जाणं मी बंदच केलंय. दक्षिणेला एक हेर बसलाय, माझा टॉर्च विझला की लगेच लुकलुकतो."